पोरी पाणी का पीत नाहीत?

हिवरखेडच्या कास्तकाराला बैलाचे दुखणे सांगावे लागत नाही. वैशाखात वखर चालू असला तरी ऊन चढायच्या आत तो बैल सोडतो, सावलीला बांधतो, हौदावर नेतो. पण त्याच घरची पोरगी चार वाजता फुटबॉल खेळायला मैदानावर उतरते, तेव्हा तिने दुपारपासून किती पाणी प्यायले, हे तुम्ही कधी विचारले काय?

१५ सप्टेंबर २०१७ ला 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या सरकारी उपक्रमात राज्यभर शाळांतून फुटबॉल खेळला गेला. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्याच देशात झाला, काही सामने नवी मुंबईत झाले. चेंडू खेड्यापर्यंत आला, चांगलेच झाले. पाण्याची सोय त्याच्या मागोमाग आली असे दिसत नाही.

घामाचा हिशेब कापसाच्या मापाइतका सोपा आहे. सरावाआधी मुलीचे वजन करा, सराव संपल्यावर अंग पुसून पुन्हा करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. मधे प्यायलेले पाणी त्यात मिळवायचे. चाळीस किलोची मुलगी ८०० ग्रॅमने घटली, म्हणजे दोन टक्के झाले. त्यापुढे पाय जड होतात, लक्ष उडते, डोके ठणकते. मास्तर म्हणतात, पोरगी आळशी आहे!

पावसाळ्यातही गाफील राहू नका. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. मुलींना मुलांपेक्षा सहसा घाम कमी येतो, तेव्हा मुलांचे माप त्यांना लावू नये. बळेच तांब्यामागून तांब्या पाजणेही वाईट, त्याने रक्तातले मीठ उतरते. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते, घरी आल्यावर मीठ घातलेले ताक द्यावे. फारच घाम गेला तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

इथून पूर्णेकडे उतरले की खारपाण पट्टा लागतो. तिकडे कोणी म्हणेल, आमचे पाणी तर आधीच खारे! बाप्पा, ते खारेपण म्हणजे सलाईन नव्हे. त्यात कोणता क्षार किती, याचे माप नसते आणि साखर तर नसतेच. मैदानावर नळयोजनेचेच पाणी ठेवा.

आता खरी गोष्ट. पोरी पाणी पीत नाहीत, कारण प्यायल्यावर जायचे कुठे? मुलगा बांधाआड जातो. मुलगी दुपारपासून तोंड कोरडे ठेवते आणि तशीच धावते. निंदणाला जाणाऱ्या तिच्या आईनेही जन्मभर हेच केले आहे. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरींचीही हीच तऱ्हा. लघवी दाबून धरल्याने जळजळ आणि मूत्रमार्गाचा आजार होतो, तो वेगळाच.

पैसा नव्हता, असे सरपंच आणि ग्रामसेवकांनी सांगू नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २६ च्या निधीत ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. तुमच्या गावात तो कुठे लागला, ते दप्तर मागून पाहा. शाळेत मुलींचे शौचालय असेल, तर शाळा सुटल्यावर त्याची किल्ली कोणाकडे राहते, हेही येत्या महिला ग्रामसभेत विचारा. सरावाच्या वेळी ती किल्ली एखाद्या शिक्षिकेकडे किंवा खेळणाऱ्या मोठ्या मुलीकडे द्यायला तर पैसाही लागत नाही.