वेळेवर घरी जाणारा साहेब
कोकण रेल्वेचा विषय निघाला की आपण बोगदे आणि पूल मोजत बसतो. मला तिथली कामाची वाटणी जास्त मोलाची वाटते. 1990 साली महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख झाले आणि रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला गेला. प्रत्येक विभागाला मुख्य अभियंता मिळाला आणि त्याच्या हाती निर्णयाचे खरे अधिकार आले. आपल्या बहुतेक कचेऱ्यांत जबाबदारी खाली ढकलतात आणि सही मात्र वर ठेवतात. टीम मोडते ती तिथेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचणी कोकण रेल्वेलाही चुकल्या नाहीत. पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत माती पुन्हापुन्हा खचत राहिली आणि संपूर्ण मार्ग सुरू व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडलं. या सगळ्या धबडग्यात श्रीधरन यांचा स्वतःचा दिनक्रम साधा होता: पहाटे उठणं, योगासनं, गीतावाचन, वेळेवर कार्यालयात आणि, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, वेळेवर घरी. साहेब रात्री नऊपर्यंत खुर्चीत बसला की हाताखालची माणसंही रेंगाळतात, दुपारी उरकणारं काम संध्याकाळवर टाकतात, घरची पोरंबाळं वाट बघत झोपून जातात. अशा साहेबाला आपण कष्टाळू म्हणतो आणि बढती देतो, हे थांबायला हवं.