दोन महिन्यांचा शिपाई, तीन वर्षांचा हुकूम

६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारच्या संरक्षण मंत्रालयाने एक आदेश काढला. पहलगामच्या हत्याकांडाला तेव्हा दोन आठवडे झाले होते आणि 'ऑपरेशन सिंदूर' अवघ्या काही तासांवर होते. १९४८ च्या नियमांतील नियम ३३ च्या आधारे, टेरिटोरियल आर्मीतील कोणाही अधिकाऱ्यास वा जवानास पहारा-बंदोबस्तासाठी अथवा खड्या फौजेच्या मदतीसाठी बोलावण्याचा अधिकार या आदेशाने भूदलप्रमुखांना दिला. टेरिटोरियल आर्मीच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन देशातील निरनिराळ्या लष्करी विभागांत तैनात करण्याची तरतूद त्यात होती. त्या दिवसांच्या वातावरणात या बातमीचे जे व्हायचे तेच झाले. क्रिकेटपटू धोनी आता सीमेवर जाणार काय, यावर प्रसारमाध्यमांत चर्चा रंगली आणि आदेशातील दोन महत्त्वाच्या ओळींकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पहिली ओळ मुदतीची. हा आदेश १० फेब्रुवारी २०२५ पासून ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत, म्हणजे पुरी तीन वर्षे लागू आहे. मुदतीचा आरंभ पहलगामच्याही आधीचा आहे. त्यावरून हा केवळ एका हल्ल्याला दिलेला जबाब नव्हता, चालत आलेल्या व्यवहारालाच नव्याने मंजुरी मिळाली, असे दिसते. दुसरी ओळ पैशाची. अंदाजपत्रकात तरतूद असेल, अथवा अंतर्गत बचतीतून पैसा उपलब्ध होईल, तरच जवानांना बोलवावे. आणि दुसऱ्या एखाद्या मंत्रालयाच्या मागणीवरून तुकडी उभी केली तर खर्च त्या मंत्रालयाच्या नावे टाकावा. माणसाच्या आयुष्यातील तीन वर्षांवर सरकारने हक्क सांगितला आहे. त्या तीन वर्षांचा पगार मात्र तिजोरीच्या सोयीवर ठेवला आहे.

टेरिटोरियल आर्मी म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना भरतीच्या रांगांवरूनच ठाऊक असते. कोल्हापूरला १०९ क्रमांकाची बटालियन आहे. तिची भरती निघाली की सीमाभागापासून कोकणापर्यंतची पोरे आदल्या रात्रीच मैदानाबाहेर येऊन झोपतात. मूळ कल्पना मात्र नोकरीची नव्हती, नागरिक-सैनिकाची होती. इंग्रजांनी १९२० मध्ये अशा दलाचा कायदा केला, त्यात गोऱ्यांची फळी निराळी आणि हिंदी लोकांची निराळी. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये आपला कायदा केला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते या दलाचे उद्घाटन झाले. शेतकऱ्याने शेत करावे, कारकुनाने कचेरी सांभाळावी. ग्रामीण तुकड्यांनी वर्षातून दोन महिने सलग शिक्षण घ्यावे, शहरी तुकड्यांनी संध्याकाळी, रविवारी आणि वार्षिक शिबिरात घ्यावे. देशावर प्रसंग आला तर बंदूक उचलावी आणि प्रसंग सरला की घरी परतावे. १९६२, १९६५ आणि १९७१ साली ही माणसे गेली, लढली. ती युद्धे संपली तेव्हा त्यांची बोलावणीही संपली.

घोळ झाला तो पुढे. श्रीलंका, पंजाब, काश्मीर, ईशान्येकडील राज्ये अशा कामगिऱ्या जेव्हा या दलाकडे आल्या, तेव्हा 'प्रसंग' या शब्दाचा अर्थच पालटला. युद्धाला तहाची तारीख असते. अशांततेला ती नसते. रस्त्याचा पहारा, दारूगोळ्याच्या कोठाराचा पहारा, पुलाचा पहारा ही कामे बारमाही आहेत. त्यांना बारमाही माणूस लागतो, आणि बारमाही माणूस ठेवायचा तर त्याला बारमाही पगार, बढती, निवृत्तिवेतन आणि घर द्यावे लागते. त्यावर निघालेला तोडगा असा की, कायद्याने अर्धवेळ असलेला शिपाई वर्षामागून वर्षे पूर्णवेळ कामाला जुंपायचा. लष्करी कागदांत याला 'एम्बॉडीमेंट' म्हणतात. जवानांच्या बोलीत 'एम्बॉडी झालो' आणि 'डिसएम्बॉडी केले' हे शब्द आता दाखल्यासारखे आणि रेशनकार्डासारखे रुळले आहेत.

गडहिंग्लज तालुक्यातील एक जवान माझ्या परिचयाचा आहे. घरी दीड एकर ऊस. तो स्वतः औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेथवर होता, ठेकेदाराच्या हाताखाली. बोलावणे आले, तो गेला. पहिल्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा ठेकेदार म्हणाला, "तुझी जागा तुझीच." दुसऱ्या वर्षी ठेकाच दुसऱ्याकडे गेला. नव्या ठेकेदाराने त्याला कधी पाहिलेलेच नव्हते. कारखान्याच्या फाटकावर सांगण्यात आले की तुझे नाव आमच्या हजेरीपटावर कधी नव्हतेच. इकडे उसाला पाण्याची पाळी रात्री दोनची. मोटार चालू करायला बायको एकटी बॅटरी घेऊन जायची आणि सोसायटीचे कर्ज नवे-जुने करायला सासऱ्याला तालुक्याला घेऊन जायची. सैनिकाच्या त्यागाविषयी आपल्याकडे पुष्कळ भाषणे होतात. रात्री दोन वाजता विहिरीवर जाणाऱ्या त्या बाईचे नाव कोणत्याही मस्टरवर नाही.

कायदा या बाबतीत मुका आहे असे नाही. टेरिटोरियल आर्मी कायद्याच्या कलम ७-अ नुसार, लष्करी सेवेसाठी बोलावलेला माणूस परत आला की त्याला पूर्वीच्याच, निदान पूर्वीपेक्षा वाईट नसलेल्या, अटींवर कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. मालकाने नाकारले तर सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तो अधिकारी कामावर घेण्याचा हुकूम देऊ शकतो, किंवा सहा महिन्यांच्या पगाराइतक्या रकमेपर्यंत भरपाई देववू शकतो, किंवा मालकालाच या जबाबदारीतून मोकळे करू शकतो. हे कलम लिहिले गेले तेव्हा डोळ्यांसमोर होता तो कापड गिरणीतला, रेल्वेतला, बँकेतला कायम कामगार: ज्याच्याजवळ नेमणुकीचे पत्र आहे, ज्याच्या पाठीशी युनियन आहे आणि ज्याचा मालक कोण हे साऱ्या गावाला माहीत आहे. आज त्या फाटकावर उभ्या राहिलेल्या माणसाने 'मालक' म्हणून कोणाकडे बोट दाखवायचे? जुन्या ठेकेदाराकडे, नव्या ठेकेदाराकडे, की त्याचा घाम ज्या यंत्रावर पडला त्या यंत्राच्या धन्याकडे? आणि जो स्वतःच्या रिक्षावर, टपरीवर वा भाड्याच्या शेतावर पोट भरतो त्याला कोणी परत कामावर घ्यायचे? कायद्यातले आश्वासन जागच्या जागी आहे. ज्या कायम नोकरीवर ते टेकले होते, ती मात्र मालकवर्गाने आणि सरकारांनी मिळून काढून घेतली.

येथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे म्हणून त्याला बगल देता कामा नये. हे जवान स्वतःच तर बोलावण्याची वाट पाहत असतात! दोन महिन्यांचे शिक्षण संपवून घरी बसलेल्या जवानाला पगार नाही. एम्बॉडी झाला तर खड्या फौजेतील शिपायासारखा पगार मिळतो. टेरिटोरियल आर्मी हा रोजगार नव्हे, ज्यांना आधीच उपजीविका आहे त्यांच्यासाठी ती आहे, असे सरकारी पत्रके बजावून सांगतात. परंतु रांगेत झोपणाऱ्या पोराला दुसरी उपजीविका असती तर तो तेथे कशाला झोपला असता? ग्रामपंचायतीचा वा ठेकेदाराचा दाखला जोडला की कागदावर तो कमावता होतो. म्हणून या प्रश्नाला 'सरकार फार वेळ घेते' इतके म्हणून भागत नाही. वेळ किती, कधी आणि केव्हापर्यंत घ्यायचा याची चावी एकाच हातात आहे, हे खरे दुखणे आहे. साध्या जवानाला निवृत्तिवेतन मिळायचे तर प्रत्यक्ष सेवेची एकूण १५ वर्षे भरावी लागतात. ती भरण्याआधी तुकडीला घरी पाठवले, तर ऐन उमेदीची वर्षे फौजेत घालवलेला चाळिशीतला माणूस गावात परत येतो तो निवृत्त म्हणून नव्हे आणि बेकार म्हणूनही नव्हे. सरकारदरबारी तो 'अर्धवेळ नागरिक-सैनिक' असतो.

सह्या करून घेण्याची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. पंचवीस वर्षे पायदळात काढून पुन्हा टेरिटोरियल आर्मीच्या पर्यावरण तुकडीत दाखल झालेल्या एका जवानाचा पाय अपघातानंतर कापावा लागला. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन त्याला नाकारण्यात आले, कारण तुकडीच्या अटी निराळ्या आणि त्या अटींवर त्याची सही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची ही भूमिका फेटाळली. एकीकडे बलाढ्य सरकार आणि दुसरीकडे एकटा जवान, अशा विषम सौद्यातील सहीला न्यायालयाने बंधन मानले नाही. न्याय मिळाला ही समाधानाची गोष्ट. परंतु एक पाय गमावलेल्या माणसाला तो दिल्लीपर्यंत जाऊन आणावा लागला.

आपल्या चळवळीला या दलाची एक वेगळी आठवणही आहे. याच कायद्याच्या कलम ६-अ नुसार सरकारी आणि लोकोपयोगी सेवांतील २० ते ४० वयाच्या नोकरांना या दलात सेवा करण्यास भाग पाडता येते. मे १९७४ च्या रेल्वे संपात, जॉर्ज फर्नांडिस आणि हजारो कामगार तुरुंगात असताना, गाड्या चालविण्यासाठी टेरिटोरियल आर्मीच्या रेल्वे तुकड्यांना पाचारण करण्यात आले. वर्दी नसताना तो कामगार, त्याला संपाचा हक्क. वर्दी अंगावर चढताच तो सैनिकी कायद्याखाली. कामगाराच्या वेळेवर सरकारची मालकी असली की ती फक्त शत्रूविरुद्धच वापरली जाते असे समजण्याचे कारण नाही.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. महिन्याचा एक शनिवार-रविवार आणि वर्षाचे दोन आठवडे, म्हणजे सुमारे ३९ दिवस, एवढ्या बोलीवर तेथील नॅशनल गार्ड आणि राखीव दलांत माणसे घेतली जात. कॉलेजची फी निघते म्हणून गरीब घरची मुले सही करीत. २००१ नंतर अफगाणिस्तान आणि इराक यांनी ती बोली मोडून टाकली. एकूण २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ कोणाला बोलावायचे नाही अशी तेथे वहिवाट होती. जानेवारी २००७ मध्ये संरक्षणमंत्री गेट्स यांनी एका वेळेस जास्तीत जास्त १२ महिने असा नियम केला, पण एकंदर कालावधीवरची मर्यादा काढून टाकली. सक्तीची भरती नको, कारण मध्यमवर्ग रस्त्यावर येतो. खडी फौज वाढवायला नको, कारण खर्च दिसतो. मग ज्याने एकदा सही केली त्यालाच पुन्हापुन्हा ओढायचे, असा तो हिशेब होता.

नागरिकांचे सैन्य ही मुळात आपल्याच परंपरेतील कल्पना आहे, म्हणून याचा सल अधिक. फ्रेंच समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी १९१० मध्ये आपल्या संसदेपुढे तिची तपशीलवार योजना मांडली होती. बराकीतील सक्तीची सेवा सहा महिन्यांवर आणावी, नंतर प्रत्येक नागरिकाने आपल्या गावाजवळच ठरावीक काळ सराव करावा, आणि सैन्य जनतेपासून तुटूच नये, म्हणजे राज्यकर्त्यांना ते आक्रमणासाठी वापरता येणार नाही. त्या योजनेचे मर्म असे की भार सर्वांवर समान आणि मर्यादा आधीच ठरलेली. आपल्याकडे भार स्वेच्छेच्या नावाने गडहिंग्लजच्या दीड एकरवाल्यावर आहे आणि मर्यादा सरकारी राजपत्रात वेळोवेळी पुढे सरकते. मानद लेफ्टनंट कर्नल धोनी २०१९ मध्ये काश्मिरात सुमारे दोन आठवडे राहून आले, त्याचे कौतुक जरूर करावे. परंतु त्यांची बॅट परतल्यावर जागेवरच होती.

अग्निपथ योजनेने २०२२ पासून खड्या फौजेतील भरतीही चार वर्षांवर आणली आणि त्यातून जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम ठेवण्याचे ठरविले. होमगार्डला 'मानसेवी' म्हणायचे आणि गणेशोत्सवापासून निवडणुकीपर्यंत राबवायचे, ही रीत आपल्या कार्यकर्त्यांना चांगली परिचित आहे; २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाच्या हिशेबाने द्यावा असे सांगितले तेव्हा कोठे त्यांचे दिवस मोजण्याची भाषा सुरू झाली. ही सारी एकाच धोरणाची अंगे आहेत. कारखान्यात जी ठेकेदारी आली तीच बराकीत आली.

आपण देशाच्या संरक्षणाविरुद्ध बोलतो, असा कांगावा होईल. होऊ द्यावा. मागणी स्पष्ट असावी: दर पाच वर्षांत जवानाला सक्तीने जास्तीत जास्त किती दिवस बोलावता येईल हे नियमांत नव्हे, कायद्यात लिहा. त्याहून अधिक दिवस हवे असतील तर त्याची संमती घ्या आणि ज्याने दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा केली आहे त्याला उरलेली पाच पुरी करू दिल्याखेरीज घरी पाठवू नका. कलम ७-अ मध्ये ठेकेदाराबरोबर मूळ कारखानदारालाही जबाबदार धरा. ज्याला मालकच नाही अशा शेतकऱ्याच्या आणि रिक्षावाल्याच्या बुडालेल्या हंगामाची भरपाई सरकारने द्यावी. आणि पैसा असेल तरच बोलावू, ही अट उलटी फिरवावी: बोलावले असेल तर पैसा दिलाच पाहिजे.

पश्चिम महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावांत टेरिटोरियल आर्मीत किती जण आहेत, प्रत्येकाचे आजवर किती दिवस गेले, परतल्यावर काम मिळाले की नाही, मागे घर कोणी चालवले, याची साधी वही करावी. हे दल ज्या घरांतून उभे राहते त्यांची मोजदाद त्या घरांनीच सुरू केली पाहिजे, आणि ती करताना जवानाच्या आधी त्याच्या बायकोला विचारावे. दिवस तिला तोंडपाठ असतात.