मेंदीच्या झुडपातले शेजारी

रमजान ईदला धाकट्याकडे ईदीचे सातशे रुपये जमले आणि त्याने संध्याकाळीच जाहीर केले, "मला मिठ्ठू हवा. पिंजऱ्यासकट." त्याच्या मित्राकडे आहे म्हणे. सलाम करतो, मिरची खातो.

आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आम्ही त्याला सांगून पाहिले. दहा वर्षांच्या मुलाला कायद्याचे काय! शेवटी दादी बोलल्या. सुपारी कातरता कातरता त्यांनी आपल्या माहेरच्या मिठ्ठूची हकीकत सांगितली. आठ वर्षे तो ओसरीवर टांगलेला होता. एके दिवशी पिंजऱ्याचे दार उघडे राहिले. मिठ्ठू बाहेर आला, चालत चालत गडग्यापर्यंत गेला आणि तिथेच बसला. उडायची सवयच राहिली नव्हती. "मांजराला धावावंसुद्धा लागलं नाही रे," दादी म्हणाल्या आणि पुन्हा सुपारी कातरू लागल्या.

धाकटा त्या रात्री काही बोलला नाही. सकाळी मात्र वाटाघाटीला तयार होऊन आला. ठरले असे, की पिंजऱ्याऐवजी मातीच्या दोन उथळ थाळ्या आणायच्या आणि परसातल्या पाखरांशी ओळख करून पाहायची.

आमचे परसू काही मोठे नाही. मागच्या दाराशी धुणे धुवायची दगडी, एक पपई, शेवगा, लिंबू आणि दादींनी लावलेली मेंदी. थाळीत दोन बोटे पाणी पुरते. खोल पाण्यात लहान पाखरू उतरत नाही. थाळी झुडपाला चिकटून ठेवली तर मांजर आडोशाला दबा धरते, म्हणून ती मोकळ्यावर ठेवली, झुडपापासून चार पावलांवर. रोज काथ्याने घासून ताजे पाणी भरायचे, कारण पाणी शिळे झाले की त्यातून पाखरांमध्ये रोग पसरतात. उरलेली बिर्याणी मात्र थाळीत टाकू नये. आम्ही पहिल्या दिवशी टाकली होती. मीठ-मसाला त्यांच्यासाठी नाही.

आठ दिवस फक्त कावळे आले. धाकटा वैतागला. नवव्या दिवशी काळी शेंडी नाचवत बुलबुलांची जोडी आली. शेपटीच्या बुडाशी लाल ठिपका, म्हणून हा लालबुड्या बुलबुल. त्याने बाजरीकडे ढुंकूनही पाहिले नाही. पिकलेल्या पपईची फोड ठेवली तेव्हा खरी ओळख झाली. मग धाकटा दगडीवर हलेनासा होऊन बसायला शिकला. फजरच्या सुमाराला शेवग्याच्या शेंड्यावरून जो शीळ घालतो तो काळा-पांढरा दयाळ, हे त्यानेच आम्हाला दाखवले. इतकी वर्षे आम्ही ती शीळ ऐकत होतो, कुणाची ते कधी पाहिले नव्हते.

अशा पोरकट कुतूहलातूनच एक मोठा माणूस घडला. 1896 साली मुंबईत जन्मलेल्या सालिम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाल्लेली चालेल की नाही, अशी शंका आली म्हणून ती मामा अमिरुद्दीन तय्यबजींना दाखवली. मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि आयुष्याची वाट ठरली. पुढे 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरणींचा संसार न्याहाळला. घरटी नर विणतो, मादी येऊन पारखते आणि पसंत पडले तरच राहते, हे त्यांनी तिथे बसून टिपले. ही गोष्ट सांगताच आमच्या मोठ्या मुलीने अब्बांकडे असे पाहिले, की आम्ही विषय बदलला.

मे महिन्यात मेंदीत वाटीएवढे घरटे झाले. गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची तीन अंडी. धाकट्याला सगळी गल्ली बोलावून दाखवायची होती. आम्ही नियम घातला, दिवसातून एकदा आणि तेही स्वयंपाकघराच्या खिडकीतून. सारखी ये-जा केली की कावळ्याला आणि मांजराला पत्ता कळतो. दोन आठवड्यांनी पिल्ले फुटली. आमची मनी तेव्हापासून दिवसभर घरात कोंडलेली.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात एक पिल्लू दगडीपाशी भिजत बसलेले दिसले. इथे चूक आमची. घाबरून आम्हीच म्हणालो, "आण आत." चपलांच्या खोक्यात कापूस घातला आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजायला बसलो. पाखराला दूध पचत नाही आणि चोचीत ओतलेले पातळ श्वासनळीत जाते, हे नंतर कळले. बाहेर कपड्यांच्या दोरीवर दोन्ही बुलबुल पावसात ओरडत होते.

दादी आतून आल्या. म्हणाल्या, "प्रवासात सहाबांनी एका पाखराची पिल्लं उचलली, तर आई पंख फडफडवत भोवती घिरट्या घालायला लागली. प्रेषित (स.) म्हणाले, हिला कुणी दुःख दिलं? पिल्लं परत करा. आणि तुम्ही खोकं घेऊन बसलात!"

धाकट्याने पिल्लू दोन्ही ओंजळींत घेतले. माणसाचा हात लागला की आई टाकते, अशी भीती त्याने ऐकली होती. तसे सहसा होत नाही. मेंदीच्या आतल्या फांदीवर ठेवून तो धावत आत आला आणि आम्ही सगळे खिडकीशी उभे राहिलो. दहा मिनिटांत मादी चोचीत हिरवी अळी घेऊन आली. पिल्ले पुरते उडता येण्याआधीच घरटे सोडतात आणि आई-बाप त्यांना झुडपाझुडपातून भरवत राहतात. ते हरवले नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी तिघांपैकी दोनच दिसली. तिसरे कावळ्याने नेले असावे. दूध प्यायलेले तेच होते का, हे धाकट्याने दोनदा विचारले. आम्हाला सांगता आले नाही.

आता बकरीदही होऊन गेली. ईदीतले उरलेले पैसे डब्यात तसेच आहेत. रोज सकाळी पपईची फोड ठेवून धाकटा दगडीवर बसतो आणि बुलबुल दोरीवर येतो. दोघांत तीन हातांचे अंतर. काल ते अडीच झाले, असे धाकटा म्हणतो. दादी म्हणतात, तीनच आहे.