एकाच दाण्याचे तीन धडे

आपण एक-एक इयत्ता वर चढतो तशी पुस्तके जाड होतात. पण वाढत्या वयाची गरज एवढीच असते का? वयाबरोबर शिकण्याची रीतही बदलायला हवी.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुका घ्या. सोयाबीन हे येथील नेहमीचे पीक. घरचे बियाणे तपासण्याची रीत सोपी आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी सावलीत ओलसर ठेवायची आणि आठवड्याने कोंब मोजायचे. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य.

हेच दाणे चार वर्षांच्या भावंडापुढे ठेवा. दहा-दहा दाण्यांच्या दोन सारख्या ओळी करा आणि त्यांतील एक पसरवा. बहुधा उत्तर येईल, "लांब ओळीत जास्त!" सातव्या वर्षाच्या सुमारास तेच मूल "दोन्हींत सारखेच" म्हणू लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी हा बदल अभ्यासला. लहानग्याला व्याख्यान नको, दाणे हाताळायला हवेत. १९४५ पासून बोर्डीला बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी म्हणूनच परिसरातील वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनवले.

चौथीतल्या मुलाला रोज उगवलेले दाणे मोजून नोंद ठेवता येते. नववीतल्या तुम्हाला मात्र एवढे पुरणार नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात अनेक शेतांत सोयाबीन उगवलेच नाही. दोष कशाचा? बियाण्याचा, ओलाव्याचा, की खोल पेरणीचा? हे शोधायचे तर बाकी सारे सारखे ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. पियाजे यांच्या मते असा विचार अकरा-बाराव्या वर्षापासून जमू लागतो. पण सरावावाचून तो पक्का होत नाही.

आणि नेमक्या याच वयात पुष्कळ शाळांत फळ्यावरचे निष्कर्ष प्रयोगवहीत उतरवून घेतले जातात!

शिक्षक म्हणतील, "अभ्यासक्रम कधी संपवायचा?" अडचण खरी आहे. तरीही महिन्यातून दोन तासिका अशा असाव्यात, की ज्यांत प्रश्न विद्यार्थ्यांचा असेल आणि उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसेल. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. गोणपाट, पाणी आणि मूठभर सोयाबीन एवढे साहित्य पुरे.

मित्रांनो, पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.