खोलीखोलीला थर्मोस्टॅट कशाला?

जर्मनीत नवं घर बांधलं की जवळजवळ प्रत्येक खोलीच्या भिंतीवर थर्मोस्टॅटची एक छोटी पांढरी तबकडी येते. तिला कायद्याचाही आधार आहे. २०२० साली लागू झालेल्या इमारत-ऊर्जा कायद्याने खोलीवार तापमान नियंत्रणाची अट घातली. फरशीखालच्या हीटिंगला तिच्यातून सूट दिली ती सहा चौरस मीटरपेक्षा लहान खोल्यांपुरती. रेडिएटर आणि गॅस बॉयलरच्या घरात ही अट मला मान्य आहे. हीट पंपावर फरशीतून तापणाऱ्या घरात मात्र ती उलटी पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

थर्मोस्टॅटच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो बचतीचा. रात्री तापमान उतरवा, तेवढी वीज वाचेल. रेडिएटर अर्ध्या तासात तापतो आणि तसाच निवतो, तिथे हे खरं आहे. फरशीखालचे पाइप मात्र साधारण साडेसहा सेंटिमीटर जाडीच्या सिमेंटच्या कोब्यात पुरलेले असतात. १०० चौरस मीटरच्या घरात हा कोबा १३ टनांच्या आसपास भरतो, आणि त्याचं तापमान एका अंशाने वाढवायला साडेतीन युनिट उष्णता लागते. रात्री दहाला तबकडी उतरवली तरी चांगल्या इन्सुलेशनच्या घरात पहाटेपर्यंत जेमतेम अंशभर फरक पडतो. म्हणजे वाचलं थोडंच. मग बाहेर सगळ्यात जास्त गारठा असताना पंपाला ती तूट भरायची असते, तीही घाईने, म्हणजे पाणी जास्त गरम करून. पाण्याचा एकेक अंश चढला की पंपाची कार्यक्षमता ढोबळमानाने दोन-अडीच टक्क्यांनी घसरते. ३५ ऐवजी ३० अंशांच्या पाण्यात घर उबदार राहत असेल, तर खरी बचत तिथे आहे.

दुसरा मुद्दा उन्हाचा. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आलं, तर खोली तापू नये म्हणून थर्मोस्टॅट हवाच ना? थर्मोस्टॅट पाणी बंद करेल, पण कोब्यात साठलेली उष्णता पुढे कितीतरी वेळ वर येतच राहणार. आणि इथे फरशी स्वतःच एक काम करते, ज्याकडे फारसं कोणी बघत नाही. फरशी २४ अंशांवर आणि खोली २१ वर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरमधून ३० वॅटच्या आसपास उष्णता वर येते. उन्हाने खोली २२ वर गेली की तीच २० वॅटच्या जवळ येते. एका अंशाने एक तृतीयांश आवक कमी झाली, कोणी काहीही फिरवलेलं नसताना! ५५ अंशांच्या रेडिएटरला असा एखादा अंश जाणवतही नाही, म्हणून त्याच्यावर राखण ठेवावी लागते.

थर्मोस्टॅटचा त्रास काय होतो हे मी आमच्या घरी पाहिलं. पहिल्या हिवाळ्यात हीट पंपाचं बाहेरचं युनिट सुरू व्हायचं, सात-आठ मिनिटं चालायचं आणि थांबायचं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. एका संध्याकाळी मी मॅनिफोल्डचं, म्हणजे फरशीतल्या पाइपांना पाणी वाटून देणाऱ्या जोडणीचं, कपाट उघडलं. पाइपांच्या नऊ वेटोळ्यांपैकी सहांच्या काचनळ्यांमधले प्रवाहाचे दर्शक शून्यावर बसले होते. थर्मोस्टॅटांनी व्हॉल्व्ह मिटले होते आणि पंपाची सगळी उष्णता उरलेल्या तीन वेटोळ्यांत जात होती. पाणी लगेच तापायचं, पंप बंद पडायचा. हीटिंग बसवून देणाऱ्याने पाण्याचं तापमान वाढवायला सांगितलं. मी सगळ्या तबकड्या पूर्ण उघडल्या आणि तापमान उलट खाली आणलं. पंप तासन्‌तास संथपणे चालू लागला.

माझे एक स्नेही म्हणतात, "अहो, पण आम्हाला बेडरूम १८ वर लागते आणि बाथरूम २४ वर." मागणी रास्त आहे. पण इन्सुलेशन बाहेरच्या भिंतींना असतं, आतल्या भिंतींतून आणि उघड्या दारांतून उष्णता फिरतच राहते. बंद केलेली बेडरूम शेजारच्या खोल्यांच्या जिवावर १९-२० वर राहते, आणि त्या खोल्यांना जास्त गरम पाणी लागतं. दोन-तीन अंशांचा फरक मॅनिफोल्डवर प्रवाह कमी-जास्त करूनही राखता येतो. बाथरूमला फरशी अपुरी पडत असेल तर भिंतीतही पाइप घालावेत, हे बांधतानाच ठरवायला हवं.

तर करायचं काय? आभाळ भरून आलेल्या थंड दिवसांत सगळे थर्मोस्टॅट पूर्ण उघडावेत. बाहेरच्या हवामानाप्रमाणे पाण्याचं तापमान ठरवणारा हीटिंग कर्व्ह अर्ध्या-एक अंशाने खाली आणावा आणि दोन दिवस थांबावं. कोब्याला वेळ लागतो, इथे उतावळेपणा करू नये. सगळ्यात गार खोली जेमतेम हवी तेवढी उबदार होईपर्यंत हे करत राहावं, आणि ज्या खोल्या जास्त तापतात त्यांचा प्रवाह तेवढा आवळावा. त्यानंतरही मोठ्या काचेची किंवा लाकडाच्या शेगडीची एखादी खोली भलतीच तापत असेल, तर तिथे थर्मोस्टॅट जरूर ठेवावा, पण हव्या त्या तापमानापेक्षा दोन अंश वर लावून.