'वाढवा' म्हणणाऱ्यांसाठी थोडंसं

मंडळी, २०२० पासून "रोगप्रतिकारशक्ती वाढवा" म्हणणाऱ्या जाहिरातींचा नुसता सुळसुळाट झालाय. काढे, गोळ्या, चूर्णं... माझा आक्षेप त्या 'वाढवा' या शब्दालाच आहे. का, ते एका छोट्याशा प्रथिनावरून सांगतो.

त्याचं नाव आयएसजी-१५. शरीरात विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचा धोक्याचा निरोप पाठवतात. तो मिळताच हे प्रथिन भराभर तयार होतं. १९७९ साली ते सापडलं. पेशीतल्या इतर प्रथिनांना चिकटून त्यांचं भवितव्य ठरवणाऱ्या युबिक्विटिनचं हे भावंड, हे १९८७ मध्ये कळलं. हे प्रथिन नसलेले उंदीर फ्लूच्या विषाणूला लवकर बळी पडतात. साहजिकच शास्त्रज्ञांना वाटलं, हा विषाणूंशी लढणारा शिपाई!

माणसांत मात्र वेगळंच निघालं. जन्मतः हे प्रथिन नसलेली तुर्कस्तान आणि इराणमधली तीन मुलं २०१२ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. नेहमीच्या विषाणूंचा त्यांना विशेष त्रास नव्हता. पण बीसीजी लशीतल्या, एरवी निरुपद्रवी असलेल्या जंतूंनी ती आजारी पडली होती. कारण हेच प्रथिन पेशीबाहेर पडून क्षयाच्या जातीच्या जंतूंविरुद्ध लागणाऱ्या दुसऱ्या एका इंटरफेरॉनला चालना देतं.

खरी गंमत २०१५ मध्ये कळली. पेशीच्या आत हे प्रथिन यूएसपी-१८ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला टिकवून धरतं, आणि ते इंटरफेरॉनचा निरोप आवरतं घेतं. आयएसजी-१५ नसेल तर हा लगामच सुटतो. शत्रू नसतानाही लढाई चालू राहते. अशा रुग्णांच्या मेंदूत कॅल्शियम साठलेलं आढळलं.

म्हणजे बघा, शिपायाची एक मोठी कामगिरी लढाई थांबवण्याची! मास्तरांना रागावता आलंच पाहिजे; पण तास संपल्यावरही ओरडत राहणारा मास्तर काय कामाचा? आमवात, ल्युपस ही दुखणी अशा न आवरणाऱ्या प्रतिकारशक्तीचीच.

पोटभर सकस जेवण, पुरेशी झोप, वेळेवर लस, याला माझा विरोध नाही. लस तर प्रतिकारशक्तीला शत्रू ओळखायला शिकवते. पण नुसतं 'वाढवा' म्हणणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: "वाढवू हो, पण नेमकं काय? आणि थांबवायचं कसं?"