‘मिशनरी वृत्ती’ हवी ना? मग आधी पगाराचं बोला!

8 मार्चचा कार्यक्रम होता, कर्जतला. समोर आशा, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि बचत गटाच्या बाया. व्यासपीठावर पाहुणे. शाल-नारळ झाले, गुलाबाचं फूल झालं. मग प्रमुख पाहुणे बोलायला उठले आणि म्हणाले, “भगिनींनो, पैशाकडे पाहू नका. मिशनरी वृत्तीने काम करा.” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एका ठाकूरवाडीची आशाताई बसली होती. पहाटे उठून, भाकऱ्या थापून, डोंगर उतरून ती एस.टी.ला आली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “ताई, त्या मिशनरीला पगार असतो का नाय?”

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली. ‘मिशनरी वृत्ती’ हा शब्द वर्गात, बैठकांत, अहवालांत किती वेळा ऐकला असेल! पण हा साधा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मैत्रिणींनो, त्याचं उत्तर शोधू या. कारण या एका शब्दाच्या आड आपल्या श्रमाची चोरी चालली आहे.

सिंथिया फरार हे नाव सावित्रीबाईंच्या चरित्रांतून आपल्या ओळखीचं आहे. नगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या मिस फरार त्या याच. त्यांची शाळा पाहून जोतिरावांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ही एक. जून 1827 मध्ये बोस्टनहून जहाजात बसली, ती वर्ष संपता संपता मुंबईला उतरली. वय 32, म्हणजे आज आपल्यातल्या कित्येकींचं आहे तेवढंच.

अशा तरुण मिशनरी बाईचा दिवस कसा जात असेल? उन्हं चढायच्या आत बाहेरची कामं उरकायची. पंडितासमोर बसून मराठी गिरवायचं. मग मुलींची शाळा, वाचन-लेखन आणि शिवणकाम. भर दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायची. उन्हं उतरली की पुन्हा वस्तीत, बायकांशी बोलायला. रात्री दिव्याखाली घरी पत्र लिहायचं, त्याचं उत्तर यायला वर्ष उलटायचं. आणि साथी तर पाचवीला पुजलेल्या. याच मिशनचे गॉर्डन हॉल 1826 साली पटकीने गेले. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन 1829 ला मुंबईत आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये इथेच वारल्या.

तेव्हा घाटावर जायचं तर होडीने पनवेल गाठायचं, आणि तिथून चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाट चढायचा. रेल्वे खोपोलीला पोचली 1856 मध्ये आणि बोरघाट चढली 1863 मध्ये. म्हणजे मिशनरी बायकांची ही वाट आपल्याच अंगणातून जात होती.

त्यांचे कष्ट खरे होते, ते मी नाकारत नाही. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हेही लपवायचं कारण नाही. पण व्यासपीठावरचे पाहुणे सोयीस्करपणे विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे. मिशनरी बाईच्या पाठीशी एक संस्था उभी होती. खर्चाला बोर्डाकडून ठरलेली रक्कम येई. राहायला घर असे. स्वयंपाकी, आया, नोकर असत. भाषा शिकण्याचा वेळ हा कामाचाच भाग धरला जाई. 1837 मध्ये फरारबाईंची तब्येत ढासळली तेव्हा त्या मायदेशी गेल्या आणि 1839 मध्ये परत येऊन नगरला रुजू झाल्या. आजारपणात त्यांचं काम सुटलं नाही, घरही सुटलं नाही.

आणि आमची आशाताई? पावसाळ्यात तापाने पडली तर त्या महिन्याचा मोबदला घटलाच समजा, कारण तिच्या पैशाचा काही भाग कामागणिक आहे. ओढ्याला पूर आलेला असताना अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणायचं काम तिचं. भातलावणीच्या दिवसांत स्वतःचं शेत सोडून लसीकरणाला बाया गोळा करायचं कामही तिचंच. अंगणवाडी सेविकेने मुलांची वजनं करायची, आहार वाटायचा आणि वाडीवर रेंज नसली की मोबाइल घेऊन टेकाडावर चढून माहिती भरायची. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. त्यांची पोरं यादीतून गळली की जाब विचारला जातो तिला, उचल देणाऱ्या ठेकेदाराला नाही.

मग या बाईची खरी पूर्वज कोण? मिशनरी मडम नव्हे. मिशनच्या त्याच अंगणात आणखी दोन प्रकारच्या बाया राबत होत्या. एक मिशनऱ्यांच्या बायका. नवरा मिशनरी, आणि शाळा चालवणारी, आजाऱ्यांची उस्तवार करणारी बायको मात्र अमेरिकन बोर्डाच्या यादीत ‘सहायक मिशनरी’. दुसऱ्या आपल्या मराठी बाया, घरोघरी हिंडणाऱ्या बायबलबाया. उंबरा ओलांडून आत जायचं, बायकांचं सुखदुःख ऐकायचं, वाचून दाखवायचं, आजारी पोराकडे बघायचं, हे काम मडमेला एकटीला कधीच जमलं नसतं. मडमांची चरित्रं निघाली. बायबलबायांपैकी बहुतेकींची नावंसुद्धा आज आपल्याला ठाऊक नाहीत. आशाताई त्यांची वारस आहे. गावातलीच, पायी फिरणारी, सगळ्यांना हवी असलेली आणि हिशेबात शेवटी येणारी.

“पण ध्येयवाद नको का?” असं कुणी विचारेल. हवा ना! पण ध्येय ज्याचं त्याने निवडायचं असतं. फरारबाईंनी ते निवडलं होतं. आशा निवडताना सरकारी निकष काय सांगतो? बाई त्याच गावची रहिवासी हवी आणि विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित हवी. म्हणजे गाव सोडून न जाणारी, सून म्हणून सगळ्यांना बांधलेली, ‘नाही’ म्हणणं अवघड असलेली. त्या बांधलेपणाला ‘वृत्ती’ म्हणायचं आणि त्याचा मोबदला द्यायची वेळ आली की त्याला ‘मानधन’ म्हणायचं. मान देणाऱ्याच्या तोंडी राहतो, धन तिच्या हातात पडत नाही.

1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पन्नास वर्षं होऊन गेली तरी सेविका कर्मचारी नाही, ‘मानसेवी’! 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. तरीही डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं आणि तो संप पन्नास दिवसांच्या वर चालला. तेव्हा ‘मिशनरी वृत्ती’ शिकवणारे कुठे होते?

आणि खरीखुरी मिशनरी वृत्ती यांना परवडणार आहे का? मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया ही केरळची जोगीण आदिवासींमध्ये काम करत होती. सावकाराच्या तावडीतून सुटा, सरकारी योजनांवरचा आपला हक्क मागा, असं ती लोकांना सांगत होती. 25 फेब्रुवारी 1995 रोजी भर बसप्रवासात तिला भोसकून मारण्यात आलं. आपल्याकडेही भट्टीवरच्या उचलीचा हिशेब विचारायला गेलेल्या कार्यकर्तीला पहिला प्रश्न येतो, “तुम्ही मिशनरी काय? धर्म बदलायला आलात काय?” रजिस्टर भरण्यापुरती मिशनरी वृत्ती ही शाबासकी, आणि ठेकेदाराची वही उघडायला लावली की तोच शब्द शिवी. हा दुटप्पीपणा आपण किती दिवस ऐकून घ्यायचा?

आता थोडं स्वतःकडे. मी ज्या संस्थेत काम करते तिथे मला महिन्याचा पगार आहे, रजा आहे, प्रवासखर्च आहे. माझ्याबरोबर वाडी-वाडी फिरणारी गावातली मुलगी मात्र ‘स्वयंसेविका’. मी पगारपत्रकावर सही करते, ती व्हाउचरवर. माझी मराठी वाडीवर जिथे अडते तिथे तीच बोलते. कोणत्या घरात दारू आहे, कोणाची पोर शाळेतून काढून लग्नाला उभी केली आहे, हे तिलाच ठाऊक असतं. अहवालावर नाव माझं येतं. मडम आणि बायबलबाईचं नातं आम्ही समानतेची गाणी म्हणत जसंच्या तसं चालू ठेवलं आहे. सरकारला जाब विचारण्याआधी हा हिशेब आपल्याला मिटवावा लागेल.

म्हणून मागणी सरळ आहे. सेविका, मदतनीस आणि आशा यांना सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा द्या. वेतन, आजारपणाची रजा, निवृत्तिवेतन द्या. आणि संस्थांनी, आपल्या सगळ्या संस्थांनी, ‘स्वयंसेविका’ हे नाव खोडून निदान किमान वेतन तरी द्यावं. निधी नाही म्हणत असाल तर प्रशिक्षणाच्या जेवणावळी आणि चकचकीत अहवालांचा खर्च आधी मोजा.

पुढच्या 8 मार्चला पुन्हा कुणी पाहुणा ‘मिशनरी वृत्ती’ म्हणेल. त्या वेळी आपण उठून उभं राहायचं आणि आशाताईचा प्रश्न मोठ्याने विचारायचा, “साहेब, त्या मिशनरीला पगार असतो का नाय?” उत्तर येईपर्यंत खाली बसायचं नाही.